ट्रॅव्हल एजंटला आपण पैसे नेमके कशाचे देतो?

आमच्या घरातल्या सहा जणांनी सिक्कीमला जायचे ठरवले, तेव्हा आमच्यासमोर दोन आकडे होते. धाकट्या भावाने चार रात्री मोबाइलवर जागून काढलेला हिशेब १,४२,००० रुपयांचा होता आणि गावातल्या ट्रॅव्हल एजंटांनी दिलेले कोटेशन १,६१,००० रुपयांचे होते. दोन्हींत विमानभाडे धरलेले नव्हते, हॉटेलांचा दर्जा जवळपास सारखा होता आणि मुक्कामही तेवढेच होते. "हे वरचे एकोणीस हजार कशाचे?" हा भावाचा प्रश्न रास्त होता आणि मला त्याचे धड उत्तर देता आले नाही.

त्या एकोणीस हजारांतला एक भाग सरकारचा होता. सहल आयोजकाने विकलेल्या पॅकेजच्या पूर्ण रकमेवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे १,६१,००० मध्ये सुमारे ७,६६७ रुपये कराचे होते. उरले ११,३३३, म्हणजे माणशी एकोणीसशे रुपयांच्या आसपास. अर्थात एजंटांची कमाई तेवढीच होती असे समजणे भाबडेपणाचे ठरेल, कारण त्यांना हॉटेलच्या खोल्या भावाला दिसलेल्या दरापेक्षा कमी दराने मिळत असणार. तरीही प्रश्न उरतोच, की ज्या खोल्या, ज्या गाड्या आणि जी ठिकाणे आज कोणालाही फोनवर दिसतात, त्यांच्यासाठी मध्ये एक माणूस ठेवून त्याला पैसे का द्यायचे.

हा प्रश्न पूर्वी पडत नसे, कारण विमानात जागा आहे की नाही हे सामान्य माणसाला घरबसल्या कळण्याची सोयच नव्हती. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी मिळून उभी केलेली 'सेबर' आणि तिच्यामागून आलेल्या 'अमॅडिअस', 'गॅलिलिओ' या संगणकीय आरक्षण यंत्रणा एजंटांच्या टेबलावर असत. तिथे जाऊन विचारल्याशिवाय गत्यंतर नसे. तिकीट विकल्याबद्दल विमान कंपनी एजंटाला कमिशन देई आणि प्रवाशाला तो माणूस फुकटच मिळाल्यासारखा वाटे. इंटरनेट आल्यावर ही भिंत पडली. अमेरिकेत १९९५ मध्ये डेल्टा कंपनीने कमिशनवर मर्यादा घातली, आणि आपल्याकडे २००८ च्या अखेरीस बहुतेक विमान कंपन्यांनी ते बंदच केले. तेव्हापासून मुंबई-दिल्लीचे साधे तिकीट काढून देणारा एजंट आपल्याला जे देतो, ते आपण स्वतः पाच मिनिटांत मिळवू शकतो, आणि त्या कामासाठी त्याच्याकडे जाण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

पण एजंटाचे मूळ काम तिकीट विकणे हे नव्हतेच. या धंद्याची सुरुवात ज्याच्या नावाने सांगितली जाते, त्या थॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे पाचशे माणसे एक शिलिंग भाड्यात नेली, ती दारूबंदीच्या सभेसाठी. रेल्वेची तिकिटे लोकांना स्टेशनवर मिळतच होती. कुकने रेल्वे कंपनीशी एकरकमी बोलणी केली आणि गाडीपासून कार्यक्रमापर्यंतचा सगळा दिवस जुळवून दिला. त्याच्या कंपनीचे कार्यालय १८८१ मध्ये मुंबईत उघडले. सुट्या सुट्या गोष्टी एकमेकींना जोडून देणे आणि जोड निखळला तर तो पुन्हा बसवणे, हे काम तेव्हापासून आजपर्यंत फारसे बदललेले नाही.

सहलीत वस्तू फार थोड्या असतात आणि सांधे फार. विमान, गाडी, खोली, परवाना, दर्शनाची वेळ या वस्तू. एकातून दुसऱ्यात जाण्याची जागा म्हणजे सांधा. मोबाइलवर वस्तूची किंमत दिसते, सांध्याची दिसत नाही. विमानाचेच उदाहरण घेतले तर मुंबईहून कोलकाता आणि तिथून बागडोगरा अशी दोन तिकिटे दोन वेगळ्या पीएनआरवर स्वस्तात मिळतात म्हणून काढली आणि पहिले विमान दोन तास उशिरा पोहोचले, तर दुसऱ्या विमान कंपनीच्या दृष्टीने आपण न आलेले प्रवासी ठरतो. तिचे आपल्याशी काही देणेघेणे राहत नाही. हाच प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. दोन्हींच्या भाड्यातला फरक कधी हजार रुपयांचा असतो, कधी त्याहून कमी. ही गोष्ट गुपित नाही, पण वर्षातून एकदा प्रवास करणाऱ्याला ती बहुधा ठेच लागल्यावर कळते.

सिक्कीममध्ये असे सांधे पावलोपावली आहेत. बागडोगरा विमानतळापासून गंगटोक सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे आणि तिस्ता नदीच्या काठाने जाणारा राष्ट्रीय महामार्ग १० पावसाळ्यात, कधी त्याआधीही, दरड कोसळून बंद पडतो. मग लाव्हा-कालिम्पाँगकडून वळसा घालून जावे लागते आणि दिवसाचा सगळा बेत सरकतो. बंगालमधली गाडी गंगटोकपर्यंत आणून सोडते. पुढच्या फिरण्यासाठी सिक्कीमची गाडी घ्यावी लागते. १४,१४० फुटांवरची नथु ला खिंड सोमवारी आणि मंगळवारी पर्यटकांसाठी बंद असते, तिथे रोज जाणाऱ्या गाड्यांच्या संख्येवर मर्यादा असते आणि परवाना नोंदणीकृत एजंटामार्फतच निघतो. लाचेन, लाचुंग, गुरुडोंगमार या उत्तर सिक्कीमच्या भागासाठीही वेगळा परवाना लागतो आणि तोही पर्यटकाला परस्पर काढता येत नाही. भावाच्या हिशेबात आमचा नथु लाचा दिवस सोमवारी पडला होता. चूक अगदी साधी होती. कोणाच्याही हातून झाली असती.

आम्ही शेवटी एजंटांकडे गेलो ते या सोमवारमुळे, पण त्यांचा खरा उपयोग काय असतो ते चौथ्या दिवशी समजले. पहाटे साडेपाचला गंगटोकच्या हॉटेलात स्थानिक व्यवस्थापकाचा फोन आला, की लाचेनकडचा रस्ता रात्री खचला असून आजचे परवाने थांबवले आहेत. आई-बाबा स्वेटर घालून, डबा भरून तयार बसले होते. मे महिना होता, सगळे गंगटोक भरलेले होते आणि आमच्यासारखी उत्तरेकडे निघालेली शेकडो माणसे त्या सकाळी एकाच वेळी खोल्या शोधायला लागणार होती. साडेनऊला आम्ही पेलिंगच्या वाटेला लागलो. तिथे तीन खोल्या मिळाल्या होत्या, त्यांतली एक तळमजल्यावरची, कारण बाबांच्या गुडघ्यांचे दुखणे एजंटांना माहीत होते.

लाचेनच्या लॉजचे आगाऊ भरलेले पैसे लॉजवाल्याने परत दिले नाहीत. त्याने ते गंगटोकच्या व्यवस्थापकाच्या पुढच्या गटाच्या हिशेबात वळते केले, व्यवस्थापकाने आमच्या एजंटांच्या खात्यात वळते केले आणि एजंटांनी त्यांतून पेलिंगचा खर्च भागवला. माझ्या मते या व्यवसायाची सगळी मेख या 'वळते करण्यात' आहे. मी लाचेनला आयुष्यात एकदा जाणारा माणूस. माझे पैसे परत करण्यात किंवा पुढे ओढून ठेवण्यात लॉजवाल्याचा काही फायदा नाही, कारण मी पुन्हा येणार नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे. व्यवस्थापक मात्र त्याच्याकडे वर्षभर गटामागून गट पाठवतो. त्याचे मन मोडले तर पुढचा हंगाम अडचणीत येतो. गिऱ्हाइकाला एकट्याने जी किंमत वसूल करता येत नाही, ती नेहमीच्या देवघेवीतला माणूस वसूल करू शकतो. एजंटाच्या चांगुलपणाचा यात फारसा भाग नाही. व्यवहाराची रचनाच तशी आहे.

याच रचनेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एजंटाची कमाई कोठून होते हे कळले, म्हणजे त्याचा सल्ला कोणत्या दिशेने झुकलेला असू शकतो हेही कळते. हॉटेल त्याला एक 'नेट' दर देते आणि त्यावर तो स्वतःचा मार्जिन चढवतो. परदेशातली गाडी, गाइड, प्रवेशतिकिटे तो तिथल्या व्यवस्थापन कंपनीकडून एकत्रित घेतो. धंद्यात तिला 'डीएमसी' म्हणतात आणि विमान वगळून उरलेल्या भागाला 'लँड पॅकेज'. विमा, परकीय चलन, व्हिसाचे सेवाशुल्क यांतूनही थोडे थोडे सुटते. यात गैर काही नाही. पण एखादे पॅकेज संशय यावा इतके स्वस्त असेल तर कमी पडलेले पैसे कोणीतरी दुसरीकडून भरून काढत असतो, आणि तो 'कोणीतरी' बहुधा दुकानदार असतो. आग्र्याला संगमरवराच्या कारखान्यात किंवा पट्टायाला रत्नांच्या दालनात बस तासभर का थांबते, तिथे गाइड अचानक इतका उत्साही का होतो, याचे उत्तर कोटेशनच्या शेवटच्या आकड्यात असते. आपण स्वस्तात फिरतो आणि फरक वेळेच्या रूपाने फेडतो.

महाराष्ट्रात सहल म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर एजंट येत नाही. ठरलेल्या तारखेला निघणारी ग्रुप टूर येते. केसरी १९८४ पासून, वीणा वर्ल्ड २०१३ पासून आणि त्यांच्या आगेमागे कितीतरी लहानमोठ्या मंडळींनी हा प्रकार मराठी घरांत रुजवला. सोबत टूर मॅनेजर, परदेशातही भारतीय जेवण, आणि बसमध्ये ओळख करून घेण्याचा कार्यक्रम. यात किंमत कमी होते ती संख्येमुळे. साध्या आरक्षणात एका पीएनआरवर नऊपर्यंतच प्रवासी बसतात. त्यापुढे ग्रुप बुकिंग सुरू होते, ज्यात कंपनी जागा आधी अडवून ठेवते आणि नावे नंतर देते. म्हणूनच ग्रुपमधल्या एकट्याचे तिकीट ऐन वेळी बदलून मिळणे कठीण जाते आणि आतेबहिणीशेजारची सीट मिळवताना नाकी नऊ येतात. दर 'ट्विन शेअरिंग'चा, म्हणजे दोघांत एक खोली या हिशेबाचा असतो. एकट्याने स्वतंत्र खोली मागितली तर जास्तीची रक्कम पडते, कारण खोलीचे भाडे वाटून घ्यायला दुसरे कोणी नसते.

आता जबाबदारीचा मुद्दा, जो बहुतेक लोक पैसे भरून झाल्यावर वाचतात. बोलताना आपण सगळ्यांनाच एजंट म्हणतो, पण व्यवहारात दोन वेगळ्या भूमिका असतात. एक जण दुसऱ्याची वस्तू कमिशन घेऊन विकतो. विमान कंपनीचे तिकीट किंवा एखाद्या मोठ्या कंपनीची ग्रुप टूर. दुसरा स्वतःच्या नावाने सहल बांधून विकतो आणि हॉटेल, गाडी, गाइड हे त्याने नेमलेले पुरवठादार असतात. पहिल्याचे काम बरोबर तिकीट, बरोबर नावावर, बरोबर माहितीसह देणे इथे संपते. दुसऱ्याने विकलेली गोष्टच 'सहल' असल्याने गाडी आली नाही तर "गाडीवाल्याशी बोला" असे सांगून त्याला मोकळे होता येऊ नये. पावतीवर कोणाचे नाव आहे, जीएसटी क्रमांक कोणाचा आहे आणि अटींच्या पानावर 'आम्ही केवळ मध्यस्थ आहोत' असे वाक्य आहे का, एवढे पाहिले तरी आपण कोणाशी करार करतो आहोत ते उमगते. पूर्ण पॅकेजचे पैसे घेणाऱ्याने वर हे मध्यस्थाचे वाक्यही छापलेले असेल, तर मी सही करण्याआधी त्याला त्याचा अर्थ विचारीन.

मधला माणूस असण्याचा तोटा सर्वांत जास्त जाणवतो तो पैसे परत मिळवताना. विमान रद्द झाले की परतावा ज्या वाटेने पैसे गेले त्याच वाटेने येतो. तिकीट एजंटाकडून घेतले असेल तर तो आधी एजंटाच्या खात्यात जमा होतो आणि मग आपल्याकडे. २०२० च्या टाळेबंदीत अडकलेल्या विमानभाड्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी जो निकाल दिला, त्यातही एजंटामार्फत काढलेल्या तिकिटांसाठी हीच वाट ठेवली होती, मिळताच प्रवाशाकडे पोहोचवण्याच्या अटीसह. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार एजंट हा विमान कंपनीचाच नेमलेला प्रतिनिधी असल्याने परताव्याची जबाबदारी अखेर कंपनीची असते, त्यामुळे "एजंटाला विचारा" हे कंपनीचे उत्तर शेवटचे मानू नये. तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असले तरी विमानतळ वापरशुल्कासारखी त्यातली शुल्के आणि कर परत मिळायला हवेत. कोणी मागत नाही म्हणून ते राहून जातात. नावातली किरकोळ चूक चोवीस तासांत विनामूल्य दुरुस्त करून घेण्याची सवलत मात्र विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेल्या तिकिटांसाठी आहे. म्हणून एजंटाकडून तिकीट आले की सगळ्यात आधी नावाची अक्षरे पासपोर्टशी ताडून पाहावीत, तीही त्याच्याच टेबलासमोर बसून.

याहून मोठा धोका कंपनीच बुडण्याचा. ब्रिटनमध्ये १९७३ पासून 'आटोल' नावाची व्यवस्था आहे. विमानासह पॅकेज विकणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो आणि त्यातून उभ्या राहिलेल्या निधीतून ग्राहकाला संरक्षण मिळते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी तिथली थॉमस कुक कंपनी कोसळली तेव्हा बाहेर असलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश पर्यटकांना परत आणले गेले, आणि या संरक्षणातल्या ज्या सहली अजून निघायच्या होत्या त्यांचे पैसे परत मिळाले. (भारतातली थॉमस कुक ही तोपर्यंत वेगळ्या मालकीची कंपनी झालेली होती, तिला याची झळ लागली नाही.) त्याच वर्षी आपल्याकडे कॉक्स अँड किंग्ज, ज्या नावाचा इतिहास १७५८ पर्यंत मागे जातो, दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि पैसे भरून बसलेल्या ग्राहकांच्या मागे असा कोणताही कायद्याने बांधलेला निधी नव्हता. तो आजही नाही. पर्यटन मंत्रालयाची मान्यता ऐच्छिक आहे. १९५१ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'टाय' या एजंटांच्या संघटनेसारख्या संस्थांचे सदस्यत्व ही चांगली खूण आहे, पण ती हमी नव्हे. तेव्हा आठ महिने आधी पूर्ण रक्कम भरा आणि दहा टक्के सूट घ्या, अशा योजनेत आपण खरे तर कंपनीला बिनतारण कर्ज देत असतो, हे ओळखून पैसे भरावेत. मी हप्त्यांनी भरतो, आणि शेवटचा हप्ता तिकिटे व हॉटेलची पुष्टी हातात आल्यावर.

परदेशी सहलीत आणखी एक रक्कम पॅकेजच्या वर दिसते आणि लोक ती एजंटाची लबाडी समजतात. ती म्हणजे टीसीएस, उगमापाशी गोळा केलेला प्राप्तिकर. परदेशी सहलीच्या पॅकेजवर तो १ ऑक्टोबर २०२० पासून ५ टक्के लागू झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांवरच्या रकमेला २० टक्के झाला. १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा लाख झाली आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात हा दर सरसकट २ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर करण्यात आले. हा खर्च नसून आगाऊ भरलेला कर आहे. विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. फक्त तो ज्याच्या पॅनवर भरला त्यालाच मिळतो, म्हणून बिल कोणाच्या नावाने करायचे हे आधी ठरवावे. आईच्या पॅनवर भरला आणि आई विवरणपत्रच भरत नसेल, तर ती रक्कम तशीच पडून राहते. नुसते विमानाचे तिकीट किंवा नुसते हॉटेल घेतले तर ते पॅकेज ठरत नाही आणि हा कर लागत नाही. स्वतः जुळवलेली सहल पहिल्या नजरेत स्वस्त दिसते त्यात याचाही वाटा असतो.

कोटेशन वाचणे ही थोडी सरावाची गोष्ट आहे. हॉटेलसमोर 'सीपी' असेल तर फक्त नाश्ता, 'एमएपी' असेल तर नाश्ता आणि एक जेवण, 'एपी' असेल तर तिन्ही वेळचे खाणे धरलेले असते. हॉटेलच्या नावापुढे 'किंवा समकक्ष' हे दोन शब्द हटकून असतात, आणि सगळी गोम त्यांत असते, कारण समकक्ष कोणी ठरवायचे ते तिथे लिहिलेले नसते. बदल करावा लागलाच तर हॉटेल त्याच भागातले असेल, एवढे लिहून मागितले तरी बरेच साधते. बाजारपेठेतले हॉटेल आणि पाच किलोमीटर उतारावरचे हॉटेल तारे सारखे असूनही समकक्ष नसतात. 'समाविष्ट नाही' हा भाग तर 'समाविष्ट आहे' या भागाआधी वाचावा. काश्मीरच्या कोटेशनात "पहलगाम दर्शन" लिहिलेले असते, पण श्रीनगरहून आलेली गाडी पहलगामच्या स्टँडवर थांबते, आणि अरू, बेताब, चंदनवाडी यांसाठी तिथल्या युनियनची गाडी वेगळे पैसे देऊन घ्यावी लागते. गुलमर्गच्या गोंडोलाचे तिकीटही बहुधा वेगळेच असते. हा खर्च फसवणुकीचा नसतो, पण आधी न सांगणे हे मात्र फसवणुकीच्या जवळपास जाते.

कोणतीही गोष्ट 'करून देतो' म्हणणाऱ्यापासून मात्र सावध राहावे. व्हिसा देणे न देणे हे त्या देशाच्या वकिलातीच्या हातात असते. एजंट फार तर अर्ज नीट लावून देतो. ते कामही हलके नाही, कारण शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम आहे त्याच्याकडेच करावा लागतो, प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, आणि तिकिटे, हॉटेले व रजेचे पत्र यांतल्या तारखा जुळल्या नाहीत तर शंका निर्माण होते. पण हमी कोणीच देऊ शकत नाही. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची तिकिटे आयआरसीटीसीच्या ठरलेल्या संकेतस्थळावरूनच मिळतात, त्यामुळे ती 'कोट्यातून' देणारा माणूस बनावट तिकीटच देणार. रेल्वेचे अधिकृत एजंटसुद्धा १ जुलै २०२५ पासून तत्काळ आरक्षणाच्या पहिल्या अर्ध्या तासात तिकीट काढू शकत नाहीत, तेव्हा दहाच्या ठोक्याला तत्काळ मिळवून देण्याच्या वचनातही तथ्य नसते.

मग कधी जावे आणि कधी जाऊ नये? गोव्यात तीन दिवस राहायचे असेल, पुण्याहून बंगळुरूला भाच्याकडे जायचे असेल, एकाच शहरात एकाच हॉटेलात मुक्काम असेल, तर सांधेच नाहीत आणि ते सांभाळणाऱ्याची गरज नाही. सोबत सत्तरीचे आई-वडील असतील, तीन-चार मुक्काम असतील, परवाने किंवा व्हिसा असेल, किंवा रस्ता आणि हवा बेभरवशाची असेल, तर माणशी दोन हजार ही मला फार मोठी रक्कम वाटत नाही. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशभरात हजारो विमाने रद्द झाली, किंवा त्याआधी एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर राज्यातले कितीतरी पर्यटक श्रीनगरात अडकले, अशा वेळी विमान कंपनीच्या हेल्पलाइनवर रांगेत राहणे आणि ओळखीच्या माणसाचा फोन लागणे यांत फार अंतर असते. अर्थात फोन लागला पाहिजे. म्हणून एजंट निवडताना मी दर विचारण्याआधी विचारतो, की रात्री अकराला अडचण आली तर कोण फोन उचलणार, आणि तिथला स्थानिक माणूस कोण आहे. या प्रश्नावर जो गडबडतो, त्याच्याकडे बहुधा स्वतःची व्यवस्था नसते. तो कोणाचे तरी पॅकेज पुढे सरकवत असतो.

पैसे कंपनीच्या खात्यातच भरावेत, एजंटाच्या किंवा त्याच्या मुलाच्या वैयक्तिक यूपीआयवर भरू नयेत. आणि तोंडी ठरलेले सगळे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्यावे. बिनसलेच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही जाता येते, कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तिथे बोलण्यापेक्षा कागद उपयोगी पडतो. आमच्या सिक्कीमच्या कोटेशनवर 'रस्ता बंद असल्यास पर्यायी मुक्काम, फरकाचा हिशेब परतल्यावर' अशी एक ओळ एजंटांनी भावाच्या आग्रहावरून पेनने लिहून खाली सही केली होती. फरक निघाला ४,२०० रुपयांचा, आणि तो मिळायला सहा आठवडे व तीन फोन लागले.